डाव्या चाकाचा आवाज

४ मार्च, मंगळवार

ब्रेकच्या रबरी कड्यांचं एक पाकीट आणलं. दुकानदाराच्या लेखी त्याची किंमत दोन शर्टांच्या बटणांएवढी. मला ते खरं कितीला पडलं ते लिहून ठेवतो: ब्रेक ऑइलचा एक डबा, एक जॅक, गाडी अंगावर बसू नये म्हणून दोन लोखंडी घोड्या, स्वयंपाकघरातला एक स्टीलचा वाडगा (तो पुन्हा घरात घेणार नाही असं हिने जाहीर केलंय), आणि नाक्यावरच्या मेकॅनिकशी बारा वर्षांची ओळख.

शेवटची बाब सगळ्यात महाग. पण त्यात चूक त्याची.

गाडी काही दिवस कुरकुरते आहे. पाय ब्रेकवरून काढला तरी कुणीतरी मागून शर्ट धरल्यासारखी चालते. ब्रेक मारला की उजवीकडे ओढते. आणि पुढच्या डाव्या चाकातून एक बारीक चिरका आवाज येतो. मी गाडी त्याच्याकडे नेली आणि सरळ सांगितलं, पुढचं डावं चाक. त्याने एक चक्कर मारून आणली, उकिडवा बसून चाकं बघितली आणि म्हणाला, "मालक, पुढच्या दोन्ही बाजू उघडू. आतली रबरी सील दोन्हीकडची बदलू."

मी म्हटलं, "एक दात दुखतोय म्हणून सगळी कवळीच बसवतोस का?"

आजूबाजूचे हसले. तोही हसला. मग मी विचारलं, "उजव्या बाजूला काय झालंय? कारण सांग." तोवर तो उठून माझ्या उजव्या अंगाला येऊन हात पुसत उभा होता. मी चाकाकडे बघत उत्तराची वाट बघतोय. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. धंद्यात मी एक पथ्य पाळत आलोय, जो कारण विचारल्यावर गप्प बसतो त्याच्याकडून माल घ्यायचा नाही. किल्ली उचलली आणि गाडी घरी आणली. मागून काहीतरी पुटपुटत होता.

आवाजाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. बटणं लावायच्या मजुरीवर सुरुवात केली, आज शाळांचे गणवेश शिवणाऱ्या मशीनच्या तीन ओळी आहेत. दारात डोळे मिटून उभा राहिलो तरी कुठल्या ओळीतल्या कुठल्या मशीनची सुई बोथट झालीय ते सांगतो. कारखाना या दोन कानांवर उभा केलाय. त्यांनी मला आजवर कधी चुकीच्या जागी नेलेलं नाही.

गाडी लेकीला द्यायची आहे. इथल्या पंपघरात काम शिकली, आता तिला डोंगरापलीकडच्या गावात पाण्याचे पंप सांभाळायची नोकरी लागली. सोळा तारखेला, रविवारी, निघणार. वाटेत खिंड आणि खिंडीनंतर असा उतार की शेजारी बसलेला माणूसही पायाने ब्रेक दाबतो.

म्हणून ठरवलं. काम मीच करणार.

५ मार्च, बुधवार

जेवताना लेकीला सांगितलं. घास हातात तसाच ठेवून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही आयुष्यात गाडीचं चाक काढलंय का?"

"पंक्चर झालं होतं तेव्हा नाही का?"

"तेव्हा मी काढलं होतं. तुम्ही टॉर्च धरला होता."

"टॉर्च नीट धरणं सोपं नसतं," ही म्हणाली. ती माझ्या बाजूने बोलली की विरुद्ध, हे इतक्या वर्षांनीही कळत नाही.

शेवटी वाटाघाट झाली. लेक घासाघीस माझ्याकडूनच शिकली, त्यामुळे तिच्याशी व्यवहार जड जातो. पंधरा तारखेपर्यंत मुदत. गाडी ती स्वतः चालवून बघणार. तिला पटलं तर गाडी घेऊन जाणार, नाही पटलं तर गाडी इथेच आणि ती बसने. बसने गेली तर दोन गाड्या बदलून येणार, म्हणजे सहा महिन्यांतून एकदा. गाडी असली तर दर पंधरा दिवसांनी. हे तिने बोलून दाखवलं नाही. माझं मी मनात मांडलं.

आणखी एक गोष्ट इथेच लिहितो, तिच्यासमोर बोलणार नाही. मी गावातल्या निम्म्या पोरांचे गणवेश शिवले. तिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक फ्रॉकसुद्धा शिवला नाही. वेळ नव्हता. आता ती फ्रॉकच्या वयाची नाही, पण गाडीला चार चाकं आहेत.

फोनवर व्हिडिओ बघितला. शिकवणारा माणूस बरा आहे, फार दात काढत नाही. तो म्हणतो, आधी गाडी फिरवून आणा, मग चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, अडकलेलं चाक तापलेलं असतं. तो भाग मी पुढे सरकवला. ज्याला कान नाहीत त्याने हात लावत बसावं.

हिने जेवणाच्या टेबलावरची आपली जागा बदललीय. खिडकीतून ऊन येतं म्हणे. रात्रीच्या जेवणाला कसलं ऊन?

७ मार्च, शुक्रवार

कारखाना मास्तरांवर सोपवला. मास्तर म्हणजे आमचे कापड बेतणारे. मी नसलो की तेच मालक, आणि मी असलो की तेच खरे मालक. सकाळीच जुनी पँट चढवली. ही म्हणाली, "ती जुनी नाही, मागच्या वर्षीची आहे." आता जुनी झाली.

चाकाच्या नटांनी घाम काढला. पान्यावर उभा राहिलो तेव्हा कुठे पहिला हलला. चाक निघालं आणि आतला सगळा संसार दिसला. माझ्या भाषेत सांगायचं तर हे असं आहे: चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी. तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारा कॅलिपर. पेडल दाबलं की तेल कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड तबकडीला घासून थांबवतो. पिस्टनभोवती ती रबरी कडी, म्हणजे सील. ती तेल बाहेर येऊ देत नाही, आणि पाय उचलला की पिस्टनला केसभर मागे खेचते. म्हणजे इलॅस्टिक. इलॅस्टिक बिघडलं की काय प्रसंग ओढवतो हे गणवेशवाल्याला कुणी सांगायची गरज नाही.

पिस्टन हाताने निघेना. कॅलिपर सुटा करून तेलाच्या भोकाला सायकलचा पंप जोडला. समोर लाकडाचा ठोकळा आणि चिंध्या. दोनदा दाबलं, काही नाही. तिसऱ्यांदा जोर लावला आणि फट्! पिस्टन ठोकळ्यावर आदळला, तेल माझ्या तोंडावर. ही धावत बाहेर आली.

"काय फुटलं?"

"काही नाही. निघाला."

"तुमचा चष्मा निघाला तो?"

चष्मा गुलाबाच्या कुंडीत सापडला.

पिस्टन धुऊन बघितला. आरशासारखा गुळगुळीत. जुनी सील काढली. तिच्यावर ना चीर, ना फुगवटा. नवी आणि जुनी शेजारी ठेवली तर ओळखू येईना. क्षणभर मनात आलं, मग बिघडलं काय होतं? पण रबर आतून थकतं, बाहेरून सांगत नाही. आवाज इथूनच येत होता, एवढं मला पुरे.

८ मार्च, शनिवार

आज माझी अक्कल गेली होती.

काल संध्याकाळी नवी सील वाडग्यात काढली आणि सवयीने त्यात मशीनचं तेल ओतलं. चाळीस वर्षं कुठलीही नवी वस्तू हातात आली की तिला आधी तेल. सकाळी बघतो तर कडी फुगून पाण्यातल्या मनुकेसारखी झालेली. खाचेत बसेचना. वाडगा घेऊन दुकानात गेलो.

स्पेअर पार्टवाल्याने आत बोट बुडवून वास घेतला. "मालक, हे काय?"

"शिलाई मशीनचं तेल. उत्तम प्रतीचं."

"उत्तम आहे हो. पण या रबराला ते विष. ब्रेक ऑइलशिवाय काहीही लावायचं नाही. चढवून गाडी चालवली असती तर चाक धरूनच बसलं असतं."

दुसरं पाकीट घेतलं. घरी येऊन सगळं खरं सांगितलं, कारण वाडगा बोलत होताच. लेक नुसती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" मला आवडत नाही. मग फोनवर बसचं वेळापत्रक बघत बसली, मला दिसेल असं.

खिंडीचा उतार डोळ्यांसमोर आला. चहा अर्धा राहिला.

१० मार्च, सोमवार

कारखान्यात जावं लागलं. दारातच एक मशीन खडखडताना ऐकू आलं. तडक डाव्या ओळीत गेलो आणि म्हटलं, "थांबव, दाते झिजलेत." ती बाई म्हणाली, "मालक, माझं तर बंद आहे. मी डबा खातेय." बाकीच्या खाली बघून हसल्या. खडखडणारं मशीन उजव्या ओळीत निघालं. मास्तर तिथूनच मला हाका मारत होते म्हणे. हाक मारायची तर माणसाने मोठ्याने मारावी. मास्तर हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, वय झालं त्यांचं. शिवाय नव्या काचा बसवल्यापासून हॉलमध्ये आवाज भिंतीवर आपटून भलतीकडून येतात. पडदे लावून घेतले पाहिजेत.

संध्याकाळी सील बसवली. नुसतं ब्रेक ऑइल, बोटाच्या टोकावर. खाचेत कडी अशी बसली, जशी कॉलरमध्ये कडक पट्टी. पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबला, सर्रकन आत गेला. वर धूळ आत जाऊ न देणारं धुळीचं रबर चढवलं. खरं सांगतो, इतका आनंद पहिलं मशीन घेतलं तेव्हा झाला होता.

११ मार्च, मंगळवार

पाइपमध्ये शिरलेली हवा काढायची होती. हे दोघांचं काम. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन कॅलिपरवरचं निपल, म्हणजे बारीक तोटी, सैल करायचं, बुडबुड्यासकट तेल बाहेर येतं, निपल बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा पुन्हा आत. लेक नोकरीच्या कागदपत्रांसाठी गेली होती, म्हणून हिला बसवलं.

"मी 'दाब' म्हटलं की दाबायचं. दाबलंस की 'धरलंय' म्हणायचं. मी 'सोड' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही."

"कळलं. स्वयंपाकापेक्षा सोपं आहे."

मी डावा कान जमिनीकडे करून चाकाखाली मान घातली. "दाब." वाट बघतोय. ही गप्प. "दाबलंस का?" गप्प. शेवटी डोकं बाहेर काढून ओरडलो, "तोंडात मूग धरलेत का?"

"चार वेळा 'धरलंय' म्हणाले!"

"मोठ्याने म्हणायचं!"

"समोरच्या घरातल्या आजोबांनी ऐकलं. ते 'काय धरलंय' म्हणून विचारताहेत."

खरंच, आजोबा फाटकात उभे होते. दुसऱ्या खेपेला तिने माझं "सोड" ऐकलं म्हणे, जे मी म्हटलंच नव्हतं. मी "थोडं" म्हणालो होतो. तेल उडालं, हवा आत गेली, दोघंही तापलो. तिसऱ्यांदा तेच. मी म्हटलं, तुझ्याच्याने हे होणार नाही.

ती उतरली, घरात गेली. वाटलं, संपलं. तर गणवेशाच्या चड्डीला घालतो ती नाडी घेऊन आली, चांगली लांबलचक. एक टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, दुसरं हातात घेऊन गाडीत बसली. "मी धरलं की ओढणार. तुमचं झालं की पान्याने चाकावर टक् करा, म्हणजे सोडीन. आता कुणी बोलायचं नाही."

ओढ, टक्. ओढ, टक्. घड्याळासारखं चाललं. बुडबुडे संपले, स्वच्छ तेल यायला लागलं, पेडल दगडासारखं झालं. हिच्या डोक्यात हे कुठून आलं कोण जाणे. मी विचारलं, तर म्हणाली, "सवय झालीय." कसली सवय ते सांगितलं नाही. नाडी सोडवताना माझ्या अंगठ्याला उगाच थोडा वेळ धरून होती.

१२ मार्च, बुधवार

गाडी रस्त्यावर काढली. ब्रेक लागतो. नाक्यावरून मुद्दाम हळू गेलो, काच खाली करून मेकॅनिकला ओरडून सांगितलं, "डावंच होतं! कानाने पकडलं, हाताने केलं!" चहाच्या टपरीवरचे चारजण वळून बघायला लागले. त्याने हात वर केला, काहीतरी बोललाही. ऐकायला थांबलो नाही.

इथे कुणी बघत नाही म्हणून लिहितो. गाडी अजून किंचित उजवीकडे ओढते. चिरका आवाजही आहे. नवं रबर जागेवर बसायला वेळ लागत असेल.

१३ मार्च, गुरुवार

लेकीने गाडी चालवून बघितली. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिथपर्यंत चढ आणि मग उतार.  खाली येताना तीन-चारदा ब्रेक मारला, नाक वर करून वास घेतला आणि गाडी कडेला घेतली.

"काहीतरी जळतंय."

"नवीन आहे, थोडा वास येणारच."

ती उतरली. डाव्या चाकाला आधी हात जवळ नेला, मग लावलाच. "गार आहे."

"बघ!" मी म्हटलं. "मी काय सांगत होतो?"

"बाबा, इकडे या." ती पलीकडे गेली होती. हातातल्या बाटलीतलं थोडं पाणी तिने उजव्या चाकाच्या आत ओतलं. वाफ उठली.

"हे कसं? आवाज तर डावीकडून येतोय."

"उजवं चाक अडकतंय, म्हणून गाडी उजवीकडे ओढते. डावं मुळात चांगलंच असणार. पंपघरात मी आवाजावर जात नाही, सगळंच ओरडत असतं तिथे. बेअरिंगला हात लावते. गरम ते बिघडलेलं."

"माझे कान मला फसवत नाहीत," मी म्हणालो. थोडं चढ्या आवाजात. तिने माझ्याकडे बघितलं, लहानपणी गणित अडलं की बघायची तसं, आणि म्हणाली, "डोळे मिटून उभे राहा."

उभा राहिलो. किल्ल्या वाजल्या.

"कुठे आहे मी?"

"डावीकडे."

"आता?"

"डावीकडेच."

"आता?"

"अगं, एका जागी उभी राहून काय तपासतेस?"

डोळे उघडले. ती माझ्या उजव्या खांद्याशी होती, किल्ल्या पार कानाजवळ धरलेल्या.

"तिन्ही वेळा इथेच होते, बाबा."

परत येताना गाडी तिने दुसऱ्या गिअरमध्ये आणली, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता. मी शेजारी बसून बाहेर बघत होतो. खिंडीच्या उतारावर ती एकटी असती आणि हे चाक तापत गेलं असतं. मी "झालं" म्हणून किल्ली दिली असती. दिली असतीच. नाक्यावर ओरडून आलो होतो.

घरी आल्यावर तिने किल्ली खिळ्याला अडकवली. हातात दिली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी उठून उजवं चाक काढलं. या खेपेला नट पटकन निघाले. पिस्टन मात्र पंपाला दाद देईना, तासभर खपलो. बाहेर आला तेव्हा कडेला गंज, आणि सील कडक, एका बाजूला फाटलेली. लेकीने आणून दाखवली असती तरी विश्वास ठेवला नसता, म्हणून माझ्याच हातांनी काढली हे बरं झालं. गंज बारीक कागदाने घासून निघण्यापलीकडचा होता.

दुकानात गेलो. नवा पिस्टन आणि तिसरं पाकीट मागितलं. तो म्हणाला, "मालक, गाडीला चाकं आहेत तरी किती?"

दुपारी ही चहा घेऊन आली, पायरीवर माझ्या डावीकडे बसली. आणि एकदम लक्षात आलं. जेवणाच्या टेबलावर डावीकडे. फिरायला जाताना डावीकडे, रस्त्याची बाजू बदलली की धावत वळसा घालून पुन्हा डावीकडे. मला वाटायचं, हिला चैन पडत नाही एका जागी.

"तुला माहीत होतं?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की," ती म्हणाली. "चुकीच्या बाजूने बोलले." आणि हसली. मग हसायची थांबली. "दुसऱ्या बाजूने सांगायचं धाडस झालं नाही. तुमचं सगळं त्या कानांवर. कारखान्यात कुणाला कळलं असतं तर तुम्ही दारात उभे राहायचे थांबला असतात."

"मळ असेल," मी म्हटलं. "कारखान्यात कापसाचे तंतू उडतात, साठले असतील. डॉक्टरकडून धुऊन घेतला की झालं. माझे कान काही जायचे नाहीत."

"असेल," ती म्हणाली आणि कप उचलले.

१५ मार्च, शनिवार

मुदतीचा दिवस. नवा पिस्टन, नवी सील, धुळीचं रबर, सगळं दुपारपर्यंत बसवलं. या वेळी हात आपोआप चालले, कुठला नट कुठे ते बघावं लागलं नाही. हवा काढायला हीच. नाडी तिने आधीच आणून ठेवली होती. लेक मध्ये आली, म्हणाली, "मी दाबू का पेडल?" ही म्हणाली, "नको, आमचं बसलंय." ओढ, टक्. ओढ, टक्. समोरचे आजोबा खुर्ची घेऊन फाटकात बसले होते.

मग जे करायला नको वाटत होतं ते केलं. गाडी नाक्यावर नेली. मेकॅनिक एका गाडीखालून बाहेर आला. चहाच्या टपरीवर तेच चारजण.

मी म्हटलं, "दोन्ही बाजू मी केल्यात. लेक उद्या खिंड उतरणार. एकदा बघून दे."

त्याने हात पुसले. गाडी वर घेतली, दोन्ही चाकं फिरवली, निपल बघितली, पाइपचे जोड पुसून बघितले. मग फेरी मारून आला आणि दोन्ही चाकांना पंजा टेकवला. "सारखी आहेत. काम स्वच्छ केलंय, मालक. डावीकडे रंग उडवलाय तेवढा तेलाने."

"त्या दिवशी मी कारण विचारलं तेव्हा तू गप्प का बसलास?"

तो बघतच राहिला. "गप्प? मी सांगितलं ना. म्हटलं, उजवं चाक पोळतंय, हात लावून बघा. दोनदा म्हटलं. तुम्ही किल्ली घेऊन चालायलाच लागलात. मला वाटलं, मालकांचं काहीतरी बिनसलं."

टपरीवरचे ऐकत होते. आयुष्यात मोठमोठ्या बोली लावल्या, गोदामाच्या मालकाला तोंडावर नाही म्हटलं, पण हे एक वाक्य सगळ्यांत महाग पडलं.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

"हात्तिच्या," तो म्हणाला. आणि बोलता बोलता माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. "चहा घेणार?"

संध्याकाळी लेकीने टेकडी उतरून बघितली. मुद्दाम जोरात ब्रेक मारले. गाडी सुतासारखी सरळ थांबली. उतरून दोन्ही चाकांना हात लावला, मलाही लावायला लावला. दोन्ही कोमट.

"पटलं का?"

"पटलं," ती म्हणाली आणि किल्ली खिशात टाकली.

१६ मार्च, रविवार

सकाळी निघाली. ही तिला डबा देताना रडली, मी टायरमधली हवा बघितली. चारही चाकांतली, दोनदा. निघताना ती गाडीला वळसा घालून माझ्या डावीकडे आली आणि म्हणाली, "येते बाबा. पंधरा दिवसांनी."

संध्याकाळपर्यंत कुठेच मन लागलं नाही. फोन वाजला तो गडबडीत उजव्या कानाला लावला, काही नाही. बदलला. "पोचले. खिंडीत दोनदा थांबून हात लावून बघितला. सारखी आहेत."

हिला सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं मी. कान बदलताना तुमच्या बोटाने स्पीकर लागला."

१८ मार्च, मंगळवार

कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. सांगितलं, कारखान्यातले तंतू आणि मळ असणार, धुऊन द्या. बाईंनी दोन्ही कानांत दिवा लावून बघितलं, मग काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. डाव्याचं पटापट झालं. उजव्याची तपासणी त्या सुरू कधी करणार म्हणून मी वाट बघत बसलो. तेवढ्यात त्यांनी दार उघडलं आणि झालं म्हणाल्या.

उजव्या कानात मळ नव्हता.